धरणावरून खाडीत: नाशिककरांनी भरती-ओहोटीच्या पाण्यात कयाक पहिल्यांदा कशी उतरवावी

नाशिकमध्ये कयाक चालवायला शिकणारे बहुतेक जण गंगापूर धरणाच्या पाण्यावर शिकतात. हात बसतो, बोट सरळ जायला लागते, आणि मग कुणीतरी म्हणतं, "चला, डहाणूला जाऊ." शनिवार-रविवार ठरतो, गाडीवर बोटी चढतात. पहिली चूक तिथेच झालेली असते: तारीख सुट्टी बघून ठरली, पाणी कुणी बघितलंच नाही.

धरणाचं पाणी सकाळी असतं तिथेच संध्याकाळी असतं. खाडीचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं. ज्या धक्क्यावरून तुम्ही उतरलात, तो परत येईपर्यंत चिखलात उभा असू शकतो. गंगापूरवर न थकता तासभर वल्हवता येणाऱ्या आणि पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या लहान खाडीत पहिल्यांदा उतरणाऱ्या माणसासाठी हा लेख आहे. उघड्या समुद्रावरच्या लांबच्या सफरी यात नाहीत. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. दुसरा टप्पा जमल्याशिवाय हॉटेल बुक करू नका.

टप्पा १: आधी गंगापूरवर मुद्दाम उलटा

खाडीत बोट उलटणं ही अपवादात्मक गोष्ट समजू नका. ती होणारच असं धरून तयारी करा. बोट क्लबच्या माणसांना आधी सांगा, परवानगी आहे त्याच भागात राहा, भिंतीच्या बाजूला फिरकू नका. दोन बोटी आणि दोन माणसं तरी हवीत.

वर बसायची बोट असेल तर क्रम असा: उलटल्या उलटल्या एका हाताने बोट धरा आणि दुसऱ्या हाताने वल्हं. पोहत बोटीच्या मधोमध या, पलीकडची कड धरून बोट सुलटी करा. पाय मागे पाण्याच्या पृष्ठभागावर आणून जोरात मारा, पोट बोटीवर चढवा, मग कमरेत वळून बसा, शेवटी पाय आत. बहुतेकांचं चुकतं ते पायांचं. पाय बोटीखाली लोंबकळत राहतात आणि माणूस नुसत्या दंडाच्या जोरावर चढू बघतो. दोन प्रयत्नांत दम संपतो.

आत बसायची बोट असेल तर एकट्याने परत चढणं अवघड असतं, म्हणून सोबत्याच्या मदतीने चढायचा सराव करा. सोबती तुमच्या उलट्या बोटीचं नाक स्वतःच्या बोटीवर आडवं ओढून घेतो, पाणी ओतून देतो, बोट सुलटी करतो आणि स्वतःच्या बोटीला समांतर लावतो, नाक एकीकडे आणि शेपूट दुसरीकडे अशी. मग तो दोन्ही हातांनी तिच्यावर पूर्ण भार टाकून ती दाबून धरतो. तुम्ही बाहेरच्या बाजूने चढता. सोबत्याने या वेळात वल्हं सांभाळत बसायचं नाही. ते दोरीने बांधलेलं असलं पाहिजे, म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात.

तपासा: अर्धा तास वल्हवून दमल्यावर, ओळीने तीन वेळा, प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटांच्या आत बोटीत परत बसता येतंय का? ताजेतवाने असताना एकदा जमलं, ते धरू नका.

आणखी एक सराव इथेच करा. दुपारी वारा सुटल्यावर काठावरचं एखादं झाड निवडा आणि वारा बाजूने घेत सरळ त्या झाडाकडे जा. बोट सारखी वाऱ्याकडे वळत असेल तर वाऱ्याच्या बाजूचं वल्हं थोडं लांबून, गोलाई देऊन मारा. हे इथे जमलं नाही तर खाडीत नक्कीच जमणार नाही.

टप्पा २: तारीख तिथी बघून ठरवा

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्या किनाऱ्यावर साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा भरती येते. म्हणजे पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत सव्वासहा तासांच्या आसपास, आणि रोज ही वेळ सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं: भरती उंच, ओहोटी खोल, प्रवाह जोरात. अष्टमीच्या आसपास भांग असतो आणि पाणी कमी चढतं-उतरतं. मुंबईला मोठ्या उधाणात पाण्याच्या पातळीत चार-साडेचार मीटरांपर्यंत फरक पडतो, तर भांगात त्याच्या निम्म्याहूनही कमी. मुंबईच्या उत्तरेला खंभातच्या आखाताकडे जाऊ तसा हा फरक वाढत जातो. डहाणूला जाणाऱ्याने हे विसरू नये.

किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमाराला, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. शुक्ल असो वा कृष्ण, मोजायचं प्रतिपदेपासूनच. या हिशोबात तासाभराचा फरक पडू शकतो, त्यामुळे नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यातूनच घ्यायची. पण तक्ता चुकीचा वाचला गेला तर हा हिशोब लगेच जागं करतो. मोबाइलवरच्या काही तक्त्यांत वेळ ग्रीनिचची असते आणि साडेपाच तास मिळवायचे राहून जातात. काही वेळा भलत्याच बंदराचा तक्ता उघडलेला असतो. एकादशीला तक्ता दुपारी दोनची भरती दाखवत असेल, तर तक्ता वाचण्यात काहीतरी चुकलंय.

आता नाशिककराला कोणता शनिवार-रविवार सोयीचा? तुम्हाला सकाळी वारा पडलेला हवा, उतरताना धक्क्याला पाणी हवं आणि परतताना चिखल नको. म्हणजे पूर्ण भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान यायला हवी. हिशोब उलटा करा, उत्तर येतं दशमी, एकादशी, द्वादशी. शिवाय अष्टमी नुकतीच होऊन गेलेली असते, त्यामुळे प्रवाहही अजून फार वाढलेला नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढचे शनिवार-रविवार पंचांगात बघा आणि या तीन तिथींशी जुळणारे तेवढेच घ्या. महिन्याला एखादाच मिळेल, कधी तोही मिळणार नाही. तेवढ्यावरच थांबा.

लोक नेमकी पौर्णिमा निवडतात, चांदणं असतं म्हणून. त्या दिवशी भरती बाराच्या आसपास असते. सकाळी सातला पोचलात तर समोर मैलभर चिखल किंवा ओली वाळू. आणि दुपारभर उधाणाची ओहोटी, म्हणजे थकलेल्या वेळी सगळं पाणी तुम्हाला बाहेर ओढणार. पहिल्या खेपेसाठी याहून वाईट दिवस सापडणं कठीण.

पाणी सहाही तास सारख्या वेगाने चढत-उतरत नाही, हेही लक्षात घ्या. एकूण फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. एकूण फरक ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी फक्त ३० सेंटिमीटर हलतं, पण मधल्या दोन तासांत १.८ मीटर, म्हणजे निम्मा फरक. म्हणून आपलं काम भरतीच्या शेवटच्या दीड तासात आणि ओहोटीच्या पहिल्या तासात उरकायचं.

सावधान: तक्त्यातली उंची म्हणजे तुमच्या बोटीखालची खोली नव्हे. ती नकाशाच्या ठरावीक पातळीपासून मोजलेली असते. 'भरती ३.२ मीटर' वाचून खाडीच्या कडेला ३.२ मीटर पाणी असेल असं धरू नका.

टप्पा ३: वारा

शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे रोज कामाला येतात. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणजे मतलई. दुपारकडे जमीन तापली की खारा वारा सुटतो आणि तो जोर धरतो. पहाटेचा मतलई वारा फसवतो, कारण काठाजवळ झाडा-घरांच्या आडोशाने पाणी आरशासारखं दिसतं. शंभर-दोनशे मीटर बाहेर गेलात की तोच वारा पाठीमागून ढकलत राहतो, आणि वळून परत यायला लागल्यावरच त्याचा जोर कळतो.

याहून महत्त्वाचं: ओहोटीचं पाणी खाडीच्या मुखातून बाहेर निघतं आणि समोरून खारा वारा येतो, तेव्हा दोघांच्या टकरीत मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. सकाळी सपाट दिसलेलं मुख दुपारी दोन वाजता ओळखू येत नाही. म्हणून दहाच्या आत काठावर, हा नियम पक्का.

आदल्या रात्री दोन ठिकाणी बघा: भारतीय हवामान विभागाचा किनारपट्टीचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा अंदाज. इन्कॉइस दूरवरून येणाऱ्या मोठ्या लाटांचे इशारेही देते. वारा नसतानाही अशा लाटा किनाऱ्यावर आदळतात. इशारा असेल तर नाशिकमधून निघूच नका. वाऱ्याचा वेग ताशी १२ किलोमीटरच्या पुढे गेला की लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस दिसू लागतो. पहिल्या खेपेला फेस दिसला तर बोट गाडीवरून उतरवायची नाही.

जून-जुलैचा प्रश्नच नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, कोळ्यांच्या बोटी ओढून ठेवलेल्या असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येही समुद्र शांत झालेला नसतो.

टप्पा ४: खाडी निवडा, माणसांशी बोला

खाडी लहान हवी, उतरायला पक्का धक्का किंवा घट्ट वाळू हवी, आणि मुखापासून धक्का आत एक-दीड किलोमीटर तरी हवा. आपल्या त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावणारी वैतरणा अर्नाळ्याजवळ समुद्राला मिळते. गावची नदी म्हणून नाशिककरांना तिचं आकर्षण असतं, पण तिचं मुख रुंद आहे, प्रवाह जबर आहे. पहिल्यांदा तिथे नको. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या आणि डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राच्या आसपासच्या पाण्यातही शिरू नका.

२००८ नंतर या किनाऱ्यावर अनोळखी बोटींकडे बारीक लक्ष असतं. जवळच्या सागरी पोलीस ठाण्याला आधी सांगा: किती बोटी, किती माणसं, कुठून उतरणार, किती वाजता परत. प्रत्येकाजवळ ओळखपत्र ठेवा. हे पाच मिनिटांचं काम आहे आणि पुढे शोध घ्यायची वेळ आलीच तर तेच उपयोगी पडतं.

मग धक्क्यावरच्या कोळीबांधवांशी बोला. प्रश्न नीट विचारा. "काका, आज जाऊ का?" या प्रश्नाला अर्थ नाही. ते इंजिनाच्या बोटीचा विचार करून "जा की" म्हणतील. त्याऐवजी विचारा: "पाणी किती वाजता फिरतं इथे? डोल कुठे लावल्यात? चिखल कुठल्या बाजूला आहे?" डोल म्हणजे प्रवाहात तोंड करून बांधलेली मोठी पिशवीसारखी जाळी. तिचे खुंट आणि दोर पाण्यात असतात, आणि प्रवाह तुम्हाला बरोबर त्यांच्यावरच नेतो. आडवी बोट खुंटाला अडकली की पाणी तिला एका बाजूने दाबतं आणि ती उलटते. या किनाऱ्यावर नवख्या कयाकरला मला सगळ्यात जास्त धोका याचाच वाटतो.

टप्पा ५: सामान आणि घाट

फुगवायच्या स्वस्त बोटी धरणावर चालतात, खाडीत नको. त्या पाण्यावर उंच तरंगतात आणि वारा त्यांना हवा तिकडे नेतो. बोट कडक बांधणीची, साडेतीन मीटरच्या वर लांब असावी.

लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर, सगळे पट्टे लावलेले. दुसऱ्याला सांगून खांद्याजवळ धरून वर ओढायला लावा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. जॅकेटला शिट्टी बांधा. वल्ह्याला दोरी, प्रत्येक गटात ओढून नेण्यासाठी एक तरंगणारा दोर आणि जॅकेटच्या खिशात चाकू असावा, जाळ्यात अडकलं तर. मोबाइल पाणबंद पिशवीत घालून अंगावर ठेवा, बोटीत नको, कारण बोट सुटली तर मोबाइलही जाईल. माणशी दोन-तीन लिटर पाणी. पायात बांधलेले बूट, कारण धक्क्याच्या दगडांवरची कालवं तळपाय कापतात.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. बोटीच्या सामानाच्या कप्प्यांची झाकणं इथे घट्ट बंद करून घाट उतरलात तर खाली हवेचा दाब वाढतो, झाकणं आत ओढली जातात, कधी पातळ सांगाडा चेपतो. झाकणं उघडी ठेवूनच न्या आणि काठावर बंद करा. त्र्यंबक-जव्हारच्या वळणांवर बोट आडव्या पट्ट्यांनी बांधली तरी नाकाला आणि शेपटाला वेगळे दोर हवेतच.

रात्रभर गाडी चालवून सकाळी थेट पाण्यात उतरू नका. शुक्रवारी संध्याकाळी पोचा आणि झोपा.

तपासा: घरी कुणाकडे तरी कागदावर लिहून दिलंय का? ठिकाण, बोटींचे रंग, माणसांची नावं, आणि "साडेदहापर्यंत फोन आला नाही तर तटरक्षक दलाला १५५४ वर किंवा ११२ वर कळवा." नुसतं "पोचलो की फोन करतो" चालत नाही. ठरलेली वेळ नसेल तर घरचे "थोडं थांबू" म्हणत दुपार घालवतात.

टप्पा ६: उतरण्याआधी अर्धा तास नुसतं बघा

गाडी भरतीच्या रेघेच्या वर लावा. काठावर कचरा, काटक्या, शेवाळ यांची ओळ दिसते, ती मागच्या भरतीची रेघ. ओली वाळू घट्ट वाटते म्हणून गाडी खाली नेऊ नका.

मग एखादा खुंट किंवा बांधलेली होडी बघत बसा. खुंटाला लागून पाण्याची धार कुठल्या बाजूला जाते? होडीचं नाक कुणीकडे आहे? पाण्यावर वाहत जाणारी काटकी बघा आणि तिच्याबरोबर काठाने चाला. आरामात चालताना ती तुमच्या पुढे जात असेल तर प्रवाह ताशी चार किलोमीटरच्या वर आहे. नवखा माणूस साधारण ताशी पाच किलोमीटरने वल्हवतो, म्हणजे उलट यायला हातात काहीच उरत नाही. अशा वेळी प्रवाह मंदावेपर्यंत थांबा.

टप्पा ७: पाण्यावर

समजा पूर्ण भरती साडेआठला आहे. सातला उतरा. भरतीचं पाणी आत चाललेलं असतं, तुम्हीही आतच जा, मुखाकडे नाही. काही बिघडलं तर पाणी तुम्हाला जमिनीकडे नेईल. पहिली दहा मिनिटं धक्क्यासमोरच फिरा, प्रत्येकाने एकदा थांबून, मागे येऊन, वळून दाखवावं. कुणी घाबरलेलं दिसलं तर आताच परत.

कडेने चला. मधली खोल वाट इंजिनाच्या बोटींची आहे, त्यांना तुम्ही खाली बसलेले दिसत नाही. पण कडेला खारफुटीच्या फांद्यांखाली शिरू नका, प्रवाह तिथेही अडकवतो.

खाडी ओलांडायची तर नाक समोरच्या काठाकडे सरळ ठेवून चालत नाही, पाणी खाली वाहून नेतं. नाक प्रवाहाच्या दिशेच्या विरुद्ध तिरकं ठेवा. प्रवाह तुमच्या वेगाच्या निम्मा असेल तर साधारण ३० अंश तिरकं. कोन बरोबर आहे का हे बघायला समोरच्या काठावर दोन खुणा एकामागे एक पकडा, उदाहरणार्थ एक खांब आणि त्यामागचं माडाचं झाड. दोन्ही एका रेषेत राहिल्या तर सरळ जाताय. मागची खूण ज्या बाजूला सरकलेली दिसते, त्याच बाजूला तुम्हीही वाहताय, म्हणून नाक उलट बाजूला थोडं आणखी वळवा.

सव्वाआठला, जिथे असाल तिथून, वळा. "त्या वळणापर्यंत जाऊन येऊ" हे वाक्य इथे बंद. आणखी एक गोष्ट: तक्त्यात भरती पूर्ण झाली म्हणून खाडीतला प्रवाह त्याच मिनिटाला थांबतो असं नाही. आतल्या भागात पाणी काही वेळ चढतच राहू शकतं. त्यामुळे परतीला सुरुवातीला थोडं उलट वल्हवावं लागलं तर गोंधळू नका. ओहोटी लागली की मात्र धक्क्याच्या अलीकडेच कडेला या. धक्का चुकून पुढे गेलात तर पुढे मुख आहे.

टप्पा ८: बिघडलं तर

बोट उलटली: बोट सोडायची नाही. पोहत काठ गाठू असं वाटतं, पण काठ दिसतो त्याहून लांब असतो आणि पाण्यातलं डोकं शोधणं बोट शोधण्यापेक्षा कितीतरी कठीण. दोन प्रयत्नांत चढता आलं नाही तर बोटीला धरून तरंगा आणि शिट्टी वाजवा: तीन लांब, थांबा, पुन्हा तीन.

जाळ्याकडे किंवा खुंटाकडे वाहताय: वल्हवणं थांबवून बघत बसू नका. आडवे वल्हवून प्रवाहातून बाजूला निघा. आदळणारच असाल तर अंग खुंटाच्या बाजूला झुकवा. लोक घाबरून उलट बाजूला झुकतात, तेव्हा पाणी बोटीच्या वरच्या कडेवर चढतं आणि ती उलटते.

चिखलात रुतलात: बोटीतून पाय बाहेर टाकू नका. गुडघ्यापर्यंत गेलेला पाय निघत नाही. बोटीवरच राहून वल्ह्याने मागे ढकला. निघालंच नाही तर फोन करा, पाणी प्या आणि पुढच्या भरतीची वाट बघा. त्यासाठीच दोन-तीन लिटर पाणी सांगितलंय.

टप्पा ९: काठाला लागताना

धक्क्याला नेहमी प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून लागा, म्हणजे बोट हळू होते आणि ताबा राहतो. पुळणीवर उतरायची वेळ आली आणि लाटा फुटत असतील, तर थांबून मोठ्या लाटा जाऊ द्या, मग नाक काठाशी काटकोनात ठेवून या. उतरल्यावर बोटीच्या समुद्राकडच्या बाजूलाच उभे राहा. बोट आणि किनारा यांच्या मध्ये कधीही नाही. पाण्याने भरलेल्या बोटीचं वजन दोनशे किलोवर जातं आणि लाट ती तुमच्या गुडघ्यांवर फेकते.

माणसं मोजा. घरी फोन करा. सागरी पोलिसांना परत आल्याचं कळवा, नाहीतर ते शोधत बसतील.

पाणी खरोखर किती वाजता फिरलं, ते तिथेच धक्क्यावर उभं राहून लिहून ठेवा, आणि शेजारी तक्त्यातली वेळ लिहा. प्रत्येक खाडीचा हा फरक वेगळा असतो, पण एकाच खाडीत तो बऱ्यापैकी सारखा राहतो. पुढच्या वेळी तक्त्याच्या वेळेत तो मिळवून निघा. नाशिकला परतल्यावर बोट, जॅकेट, दोर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. जॅकेटच्या चेन आणि बकलांवर खास लक्ष द्या. मीठ तिथेच साचतं आणि पुढच्या खेपेला पट्टा नेमका तिथेच अडतो.